खोटा तळ

त्या रविवारी बाबांनी बांगडे साफ करायला घेतले आणि आईने ते त्यांच्या हातातून काढून घेतले. घरात घडलं ते एवढंच. आईचं म्हणणं, निम्मा मासा खवल्यांबरोबर जातो. बाबांचं म्हणणं, चाळीस वर्षांत एकदाही वजन करून न बघता ती हा आरोप करते आहे. मग कालवणात मीठ जास्त झालं की कमी, यावर दोघांचं एकमत झालं नाही, आणि आम्ही जेवलो.

दुपारी बाबा ओसरीवर बसले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ज्या वेळी इतर लोक पेपर वाचतात त्या वेळी ते उत्तर ध्रुवाकडची चित्रं बघत. समुद्रावर गोठलेला बर्फ, त्यावर उन्हाळ्यात साचलेली निळी तळी. ड्रोनने वरून टिपलेली ही चित्रं मी काम करते त्या ध्रुवीय केंद्रात येत आणि माझ्या परवानगीने बाबांच्या पडद्यावरही.

"काही चुकीचं दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नीट बघितलंस?"

"बाबा, तुमचं सूत्र आहे. त्यात काय चुकणार?"

त्यांनी चष्मा काढला. "शाल्मली, हे तू म्हणू नकोस. बाकीचे म्हणतात तेवढं पुरे झालं."

आतून आई म्हणाली, "त्यांका चूक काढून दाखवणाऱ्याक पाच किलो काजी देवचे हत. अकरा वर्षां झाली. ते काजी कधीचेच खवट झाले असतीत."

बाबा हसले. प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी ते हे बक्षीस जाहीर करत, श्रोतेही हसत, आणि टाळ्या वाजवून घरी जात. संध्याकाळी ते सड्यावर फिरून आले, दूध तापवलं, लवकर झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा ते उठले नाहीत.

*

बाबांचं सूत्र काय होतं ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला जांभ्या कातळाचे उघडे माळ आहेत. त्यांना सडा म्हणतात. पावसाळ्यात त्यावर डबकी साचतात. लहान डबकं बहुतेक गोल असतं. पाणी वाढलं की शेजारची डबकी एकमेकांना मिळतात आणि त्यांची कड वेडीवाकडी होत जाते, कोकणच्या किनाऱ्यासारखी, जिथे प्रत्येक खाडीत आणखी एक छोटी खाडी असते. बाबा या डबक्यांत वाढले. पुढे गणित शिकताना त्यांच्या लक्षात आलं की ध्रुवावरच्या बर्फावरची तळी अगदी याच वळणाने जातात. तळ्याचा आकार ठराविक मर्यादेपलीकडे गेला की कडेचा गुंता एकदम वाढतो. कागदावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकट पाण्याची की बर्फाची हे तिच्या शेजाऱ्यांकडे बघून ठरवायचं, आणि हा साधा खेळ संगणकावर लाखो वेळा खेळायचा. जे चित्र तयार होतं ते खऱ्या तळ्यांच्या फोटोशेजारी ठेवलं तर खरं कोणतं ते ओळखू येत नाही.

इथपर्यंत इतर अनेकांनी काम केलं होतं. बाबांनी पुढची पायरी चढली. तळ्यांच्या कडा आणि बर्फाची पाण्यावरची उंची, या दोन गोष्टींवरून खालच्या बर्फाची जाडी काढता येते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे बर्फाला भोक न पाडता, नुसतं वरून बघून, त्यावर विमान उतरेल की नाही ते सांगता येऊ लागलं.

त्याआधी माणसं गिरमिटाने बर्फ भोसकत हिंडायची. एका भोकाने एका जागेची जाडी कळते, धावपट्टी तर पाऊण किलोमीटर लांब. बाबांचं सूत्र सबंध धावपट्टी एका नजरेत वाचायचं. अकरा वर्षांत ते सगळीकडे गेलं. उत्तरेचा समुद्र उन्हाळ्यात मोकळा होऊ लागला होता, जहाजांची वर्दळ वाढली होती, वेगवेगळ्या देशांचे तळ तरंगत्या बर्फावर उभे राहत होते. सगळ्यांना धावपट्ट्या हव्या होत्या आणि सगळ्यांकडे परुळेकर सूत्र होतं. भोसकणाऱ्या तुकड्या बंद झाल्या. त्यांचं प्रशिक्षणही बंद झालं.

याचा एक परिणाम कोणी मोजला नव्हता. बाबांशी वाद घालायचं लोकांनी सोडून दिलं. पूर्वी त्यांचे विद्यार्थी आमच्या ओसरीवर भांडायचे, आई त्यांना पोहे देऊन गप्प करायची. सूत्र गाजल्यावर तेच विद्यार्थी येऊन पाया पडू लागले. बाबांना ते आवडायचं नाही. ते मुद्दाम चुकीचं काहीतरी बोलून बघत, कोणी अडवतं का म्हणून. कोणी अडवत नसे. शेवटी घरात त्यांना चुकलात म्हणणारं माणूस एकच उरलं होतं, आणि तिचा विषय मीठ होता.

*

तेराव्यानंतर मी कामावर गेले. आमच्या केंद्रात मी परवानगीच्या टेबलावर बसते. बर्फावर विमान उतरायचं असेल तर त्या धावपट्टीची चित्रं माझ्याकडे येतात, यंत्र सूत्र लावून जाडी सांगतं, दुसरं यंत्र ताळा करतं, आणि मी खुल्या वाहिनीवर तोंडाने होकार किंवा नकार देते. नकार असेल तर कारणही तोंडाने सांगावं लागतं, कारण त्या वाहिनीवर आसपासचे सगळे तळ कान लावून असतात आणि आपापला निर्णय त्यावर घेतात.

केंद्राचे प्रमुख हेगिष्टे सर. बाबांचे पहिले विद्यार्थी. मला बघून ते खुर्चीतून अर्धवट उठले, मग परत बसले. "घाई नव्हती यायची," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात इमारतीला सरांचं नाव देतोय. काकूंना आणशील ना?"

"विचारते."

त्याच दुपारी सडा-तीनवरून हाक आली. सडा-तीन हा आमचाच तळ, नाव बाबांनी दिलेलं. तरंगत्या बर्फावर नऊ माणसं. तळप्रमुख रेवण बिराजदार, सोलापूरचा, बाबांचा शेवटचा विद्यार्थी.

"शाल्मलीताई, तुम्ही आलात व्हय? बरं झालं. सरांचं कळल्यापासून हितं कुणाला जेवण गोड लागंना. काम हाय एक. आयेशाचं पोट कालपासून दुखतंय. आपल्या जहाजावरचे डॉक्टर म्हणतात, अपेंडिक्स. काढावं लागेल."

आयेशा तडवी, रावेरची, बर्फातले सूक्ष्म जीव अभ्यासणारी. तिला मी एकदाच भेटले होते. माझ्या आईकडून तिने सोलकढीची कृती लिहून घेतली होती.

"कशी आहे आत्ता?"

"शिव्या देती मला. म्हणजे बरी असावी. पण ताप चढतोय ताई."

उत्तर नॉर्वेतून विमान निघालं होतं. दुसरा पर्याय म्हणजे आमचं जहाज. ते वळवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं हेलिकॉप्टर टप्प्यात आलं असतं. डॉक्टरांचं मत होतं की औषधांवर ती रात्र निघेल, पण तसं लिहून द्यायला ते तयार नव्हते. साहजिकच सगळ्यांना विमान हवं होतं. ते मोठं होतं, सामानासह चौदा टन. त्याला सलग दीड मीटर बर्फ लागतो.

यंत्राने सांगितलं, एक मीटर ऐंशी. दुसऱ्या यंत्राने ताळा केला. एक मीटर ऐंशी.

मी चित्र पुढे ओढलं. मग आदल्या दिवसाचं. मग त्याच्या आदल्या दिवसाचं.

धावपट्टीवरची तळी आठवडाभरात आटली होती. बर्फाला बारीक छिद्रं पडतात, पाणी त्यातून खाली उतरतं, तळं लहान होतं, कड साधी होते. साधी कड म्हणजे खाली जाड बर्फ, हे सूत्राचं एक पाऊल. पाण्याचा भार उतरला की बर्फ थोडा वर येतो, तेही ठीक. पण हा जरा जास्तच वर आला होता. आणि मनात एक अगदी बाळबोध प्रश्न आला: इतकं पाणी खाली गेलं, ते आता कुठे आहे?

बाबांच्या मूळ लेखात तिसऱ्याच ओळीत एक गृहीतक आहे. निचरा झालेलं पाणी समुद्रात मिसळून जातं. त्यांनी ज्या वर्षांची मोजमापं वापरली ती वाऱ्याची वर्षं होती, आणि वारा बर्फाला हलवतो, खालचं पाणी घुसळतो. या वर्षी त्या भागात वारा जवळजवळ नव्हताच. स्थिर समुद्रात गोडं पाणी हलकं म्हणून बर्फाच्या पोटाला चिकटून राहतं, तेलासारखं. त्याच्या खालचं खारं पाणी शून्याच्याही खाली थंड असतं. जिथे दोन्ही भेटतात तिथे गोडं पाणी गोठतं आणि बर्फाचा एक पातळ पापुद्रा धरतो. वर खरा बर्फ, मध्ये पाणी, खाली हा पापुद्रा. त्याला खोटा तळ म्हणतात. मध्ये अडकलेलं हलकं पाणी बर्फाला खालून उचलतं, आणि वरून बघणाऱ्याला बर्फ जाड वाटतो. जुन्या भोसकणाऱ्यांना तो माहीत होता. सूत्राला माहीत नव्हता, कारण तो तुरळक आढळतो असं सगळे धरून चालले होते. आता वारा पडलेले उन्हाळे वाढले होते.

ताळा जुळला होता, याचा काही उपयोग नव्हता. दोन्ही यंत्रं तीच तिसरी ओळ खरी मानून चालली होती. शाळेत बाबांनीच मला दाखवलं होतं, नवाचा ताळा चोपन्न आणि पंचेचाळीसमध्ये फरक करत नाही, दोन्हींच्या अंकांची बेरीज नऊच.

*

"रेवण, धावपट्टीवर एक भोक पाडता येईल?"

"भोक?" तो हसला. "ताई, सरांच्या सूत्राला भोक पाडताय की बर्फाला?"

"नमुने काढायचं गिरमिट आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की. पण विमान यायला लागलंय."

"म्हणूनच."

हेगिष्टे सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. वाहिनीवर बर्फावरचे बूट, धापा, कुणीतरी कुणाला "धर रे नीट" म्हणणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने रेवण परत आला, त्याचा श्वास लागला होता.

"जुळलं बघा. टेप सोडली, खाली हूक अडकवला, वर वढली. एक मीटर ऐंशीला दोन बोटं कमी. काय म्हणत होतो मी? सर हायेत ते."

हेगिष्टे सरांनी सुस्कारा टाकला आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तेही मोजमापच होतं, पण टेपचा हूक सर्वांत खालच्या बर्फात अडकतो. मध्ये काय आहे ते त्याला कळत नाही.

"रेवण, गिरमिट फिरवताना हाताला एकसारखं लागलं का सगळं?"

"म्हणजे?"

"मध्येच सैल झालं?"

तो मागे कोणाशी तरी बोलला. "झालं खरं. एक मीटरच्या आतच. गपकन खाली गेलं. पक्या म्हणाला माझा हात सटकला. मी त्याला दोन शब्द ऐकवले."

"पक्याची माफी माग. आणि शेजारी दुसरं भोक पाड. सैल लागलं की तिथेच थांब. एक इंचही पुढे नको. जे पाणी वर येईल ते चाख."

"चाखू?"

"हो. तोंडात घेऊन सांग, खारं की गोडं."

विमानाच्या वैमानिकाने मधे विचारलं की परतीपुरतं इंधन उरणार नाही असा टप्पा जवळ येतोय, काय करायचं. मी त्याला आहे त्या वेगाने येत राहायला आणि निर्णयासाठी थोडा धीर धरायला सांगितलं. हेगिष्टे सर समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी तिसरी ओळ उघडली होती. ते ती वाचत होते, मग खिडकीबाहेर बघत होते, मग पुन्हा वाचत होते. ते हुशार आहेत. मला समजावून सांगावं लागलं नाही.

"ताई," रेवणचा आवाज आला. आता त्यात चेष्टा नव्हती. "गोडं हाय. विहिरीच्या पाण्यागत. लई गार, पण गोडं."

"किती खोलीवर थांबलास?"

"नव्वद सेंटीमीटर. त्याच्या खाली नुसतं पाणी."

चौदा टन आणि नव्वद सेंटीमीटर. माणसं त्या बर्फावर महिनाभर राहू शकली असती. विमान चाकं टेकल्यावर अर्ध्या धावपट्टीपर्यंतही पोहोचलं नसतं.

मी बटणाकडे हात नेला तेव्हा हेगिष्टे सर म्हणाले, "शाल्मली, कारण धुकं म्हणून सांग."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"धुकं आहेच थोडं तिथे. विमान परत जाईल, जहाज वळवू, पोरगी वाचेल. सूत्राचं आपण शांतपणे बघू. महिना-दोन महिने अभ्यास करू, नीट लेख लिहू. सरांना जाऊन अजून महिना नाही झाला. सगळ्या जगासमोर, आणि तेही तू?" ते हे अगदी प्रेमाने म्हणत होते. त्यांचे डोळे भरले होते. "पुढच्या आठवड्यात नाव देतोय गं इमारतीला."

"सर, त्या पट्ट्यात आपल्याशिवाय किती धावपट्ट्या आहेत?"

त्यांना माहीत होतं. मलाही. सगळीकडे तोच निवांत समुद्र होता, तीच आटलेली तळी, तोच होकार देणारी यंत्रं. धुकं म्हटलं तर प्रत्येक जण आपल्याकडे धुकं नाही हे बघून विमान उतरवणार होता.

मी बटण दाबलं.

"सडा-तीनच्या धावपट्टीला नकार. कारण, बर्फाची जाडी नव्वद सेंटीमीटर. परुळेकर सूत्र एक मीटर ऐंशी सांगतं, ते चूक आहे. बर्फाखाली गोडं पाणी आणि खोटा तळ आहे. वारा नसलेल्या समुद्रात हे सूत्र वापरू नका. या पट्ट्यातल्या सगळ्या तळांनी उतरणं थांबवा, भोक पाडा, सैल लागेल तिथे थांबून पाणी चाखा. माझं नाव शाल्मली परुळेकर."

हेच मी इंग्रजीतून पुन्हा सांगितलं. वैमानिकाने माझे शब्द क्रमाने परत म्हणून दाखवले आणि विमान वळवलं. मग एक एक तळ बोलू लागला. समजलं. थांबवतोय. समजलं.

शेवटी रेवण. "ताई, सरांचं नाव घेऊन सांगितलंत."

"दुसऱ्या कुणाचं घेणार होते?"

"न्हाई, बरोबर हाय." मग म्हणाला, "आयेशाला सांगतो, आजची रात्र शिव्या देत काढ."

तिने ती काढली. सकाळी हेलिकॉप्टर पोचलं, जहाजावर शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, फुटलं नाही. त्या दोन दिवसांत तीन तळांवरून पाणी गोडं असल्याचं कळलं. त्यांतल्या एका तळावर मी नकार दिला त्याच संध्याकाळी विमान उतरणार होतं.

*

आयेशा शुद्धीवर आल्याचं कळलं त्या दुपारी मी घरी आले. बातमी माझ्याआधी पोचली होती. कुणीतरी फोन करून आईजवळ हळहळ व्यक्त केली होती, की मुलीने असं करायला नको होतं. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून नारळ खोवत होती.

"जेवलंस?"

"नाही."

"हातपाय धुवन ये." तिने खोवणं थांबवलं नाही. "तो हेगिष्टेही आयलेलो. रडाक लागलो हय बसान. मी म्हटलंय, रडतंस कित्याक, तुका चूक दिसली असती तर तू सांगलं असतंस काय?"

"मग?"

"मग काय, चाय घेतली नि गेलो. नाव देतलेच म्हणाता." तिने माझ्याकडे बघितलं. "खराच चुकला त्यांचा?"

"हो. तिसऱ्या ओळीत. मी तुला दाखवते."

"माका कित्याक दाखवतंस? माका त्यातला ओ का ठो कळणा नाय. त्यांका सांग."

मी उभी राहिले. ती चेष्टा करत नव्हती. तिने करवंटी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि ऐकायला तयार झाल्यासारखी बसली. जणू हे घरातलं एक काम होतं, जे माझ्या हातून व्हायचं राहिलं होतं आणि जेवणाआधी उरकायला हवं होतं.

खुल्या वाहिनीवर हे सांगणं सोपं होतं.

"बाबा," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला घरात मोठा वाटला. "तुमचं चुकलं. पाणी समुद्रात मिसळत नाही. वारा नसेल तर ते तिथेच थांबतं, बर्फाच्या खाली, आणि त्याच्याखाली पुन्हा बर्फ धरतो. तुम्ही तो धरलाच नाही. बसा, मी पहिल्यापासून सांगते."